चुकायची सोय

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाक मारा तिला." लेक खिडकीजवळच्या सतरंजीवर बसून एका बाहुलीचा पाय गोल गोल फिरवत होती. मी हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. मग घरी मारतो तशी, लाडात, नाव लांबवून मारली. तिनं मान वळवली नाही. बायकोनं हाक मारली, तरी नाही. डॉक्टरबाईंनी स्वतःच्या मोबाईलवर एक बालगीत लावलं, आवाज अगदी बारीक केला, मोबाईल टेबलाच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. मला ते गाणं नीट ऐकूही येत नव्हतं. लेक मात्र उठली, सरळ चालत आली आणि खण ओढायला लागली.

तोवर आम्ही समजत होतो की पोरीला ऐकायला कमी येत असेल. कानाची तपासणी, एखादं यंत्र, फार तर छोटं ऑपरेशन, इथवर मनाची तयारी झालेली होती. साडेतीन वर्षांची लेक 'आई' म्हणत नव्हती, 'बाबा' म्हणत नव्हती, पाणीसुद्धा मागत नव्हती. ती बहिरी असेल हे मी कसंबसं पचवलं होतं. तिला सगळं ऐकू येतं आणि तरी ती माझ्या हाकेला वळत नाही, हे मला पचेना.

"बोटानं काही दाखवते का? ते बघा चिमणी, ते बघा कुत्रं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. नव्हती दाखवत. हवं असलं की रडायची आणि आम्ही घरातली एकेक वस्तू पुढं करत बसायचो. बाईंनी आठवड्यातून एकदा बोलण्याच्या शिकवणीला यायला सांगितलं. तिच्या हातात दिवसभर असायचा तो मोबाईल आजपासून बंद म्हणाल्या. "आणि तिच्याशी बोला. तिला बोलायची गरज पडू द्या." यातलं मोबाईल बंद तेवढं माझ्या डोक्यात बसलं. बाकीचं मी मान डोलावत ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सोडून आलो.

मोबाईल बंद केल्यावर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. पोरगी फरशीवर डोकं आपटायची. शेजारचे दार वाजवून विचारून गेले, काही झालंय का म्हणून. एका रविवारी सकाळी मला ते बघवेना, तिला गाडीवर पुढं बसवलं आणि वाट फुटेल तिकडं निघालो. शेवटी मकबऱ्याशी येऊन थांबलो. तिथली बाग मोठी आहे, लेकरू रडलं तरी कुणी वळून बघत नाही.

आत गेल्यावर ती एकाएकी गप्प झाली. खिडकीच्या संगमरवरी जाळीत तिनं एक बोट घातलं, काढलं, शेजारच्या भोकात घातलं. मग एका भोकाला डोळा लावला आणि पलीकडं काय दिसतं ते बघत राहिली. मी मागं उभा होतो. मोबाईल सोडून दुसऱ्या कशापाशी ती इतका वेळ उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की माझा हात खिशातल्या टेपकडं जातो. जाळीतला षटकोन आणि त्याच्या भोवतीच्या पाकळ्या मी मोजायला लागलो. पहारेकऱ्यानं लांबून शिट्टी मारली. "क्या नाप रए भाई? घर को लगानी है क्या?"

मी हात जोडले. पण मनात म्हटलं, व्हय, घरालाच लावायची आहे.

माझा धंदा फिक्श्चरचा. वाळूजच्या एका कारखान्यात मी फिक्श्चर डिझाइन करतो. म्हणजे काय, तर मशीनवर एखादा भाग कापायचा असला की तो जिथं घट्ट धरून ठेवतात तो साचा. यातली खरी हुशारी अशी, की कामगारानं तो भाग उलटा बसवायचा ठरवलं तरी तो बसता कामा नये. कुठं एक खुंटी द्यायची, कुठं एक खाच द्यायची, आणि माणसाला चुकायची सोयच ठेवायची नाही. पाळी बदलो, माणूस झोपेत असो, नवा असो, भाग बसला तर बरोबरच बसेल. याला जपानी नाव आहे आणि त्यावर कारखान्यात फळे रंगवलेले आहेत. या कामात माझा हात कुणी धरत नाही, हे मी जरा फुशारकीनंच सांगतो.

तर मी लेकीसाठी मकबरा करायला घेतला. सागाचे उरलेले तुकडे फर्निचरवाल्याकडून आणले. लाकडाच्या षटकोनात पाकळ्या अडकवत जायच्या, म्हणजे खालून वर जाळीची भिंत उभी राहते. अशा चार भिंती जोडल्या की खोली तयार. वर लेथवर काढून आणलेला आतून पोकळ घुमट. भिंती उन्हात ठेवल्या की फरशीवर जाळीची सावली पडायची. रंग दिला नाही, लेकरं तोंडात घालतात, नुसतं जवसाचं तेल पुसलं. आणि प्रत्येक तुकड्याला खुंटी नि खाच अशी दिली, की तो त्याच्या जागीच बसेल, दुसरीकडं कुठंच बसणार नाही. घुमटालासुद्धा खाली चार खाचा आणि भिंतींच्या डोक्यावर चार खुंट्या.

हे काम मी संध्याकाळी गॅलरीत बसून करायचो. लेक शेजारी बसायची, लाकडाच्या भुश्यात बोटं फिरवत. डॉक्टरबाईंनी बोला म्हणून सांगितलं होतं, पण मला काम करताना बोलता येत नाही. लाकडाशी माझी सवय नव्हती, कानस भलतीकडं जायची. मग जीभ टाळूला लावून "च्च, चुकलं" म्हणायचं, कपाळावर हात मारायचा आणि दुसरा तुकडा घ्यायचा. एवढंच काय ते तोंड उघडायचं. बायको आतून म्हणायची, "अहो, तिच्याशी बोला जरा." मी म्हणायचो, "हे होऊ दे, मग बोलू."

खेळणं झालं. पहिल्या दिवशी मी एकदा जोडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धं जोडलं. आठवडाभरात पोरगी डोळे मिटून जोडावं तसं सगळा मकबरा उभा करायला लागली. एकही तुकडा चुकायचा नाही, चुकणं शक्यच नव्हतं. रडणं थांबलं. डोकं आपटणं थांबलं. मला आकाश ठेंगणं झालं. कारखान्यात फोटो दाखवले, चारचौघांनी पाठ थोपटली, एक जण तर म्हणाला, बाजारात आणा साहेब. मी मनातल्या मनात खोक्यावरचं चित्रही ठरवून टाकलं.

त्यावर बायको काय बोलली, ते सांगतो. ती पोळ्या लाटत होती. लेक स्वयंपाकघराच्या दारात मकबरा जोडत होती, मोडत होती, परत जोडत होती. बायकोनं हाक मारली. लेकीनं मान वळवली नाही. परत मारली. नाही. बायकोनं लाटणं खाली ठेवलं.

"तुम्ही लाकडाचा मोबाईल केलाय," ती म्हणाली.

मला राग आला. इतका आला की मी भांडलो. म्हटलं, दोन महिने हाताला फोड आणून केलंय, तुला दिसत नाही का, पोरगी रडायची थांबली. ती म्हणाली, "रडायची थांबलीच. आधी निदान रडून तरी मागायची." मी गॅलरीत जाऊन बसलो. तिचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही, पटलं होतं म्हणूनच अंगाची लाही होत होती.

पुढं पावसाळ्यानं माझी आणखी फजिती केली. मी लोखंडातला माणूस. लोखंडाला जितकी बारीक फट देतो, तितकीच लाकडाला दिली. लोखंड श्रावणात फुगत नाही, साग फुगतो. तुकडे खाचेत शिरेनात. लेक जोर लावायची, बोटं लाल करून घ्यायची. शेवटी मी खेळणं टोपलीत भरून माळ्यावर टाकलं, रविवारी घासून देतो म्हणालो, आणि एकामागून एक रविवार गेले.

मग महालक्ष्म्या आल्या. वडील गेल्यापासून आमच्या महालक्ष्म्या माझ्याकडं शहरात बसतात आणि त्यांच्या आधी आई पाचोडहून येते. आई आली की घर तिचं. ज्येष्ठा, कनिष्ठा, त्यांची दोन लेकरं, मुखवटे, लोखंडी सांगाडे, साड्यांच्या निऱ्या, वर टांगलेला फुलोरा, पुढं पायऱ्या करून मांडलेली आरास. आरासीत घरातलं एकूण एक खेळणं मांडायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आणि दुसरा रिवाज त्याहून कडक. एकदा महालक्ष्म्या बसल्या, की तिसऱ्या दिवशी त्यांना हलवून निरोप देईपर्यंत आरासीतल्या कशालाही हात लावायचा नाही. लहानपणी मी आरासीतला एक लाडू उचलला होता तर आईनं मला दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं.

पहिल्या दिवशी कारखान्यातून आलो, बूट काढले आणि आत पाहिलं. आरासीच्या मधोमध माझा मकबरा. आईनं माळ्यावरून टोपली काढली होती. तुकडे बसेनात म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला होता आणि ठोकून ठोकून बसवले होते. भिंती वाकड्या. कित्येक खुंट्या मोडलेल्या, घुमटासाठीच्या तर चारही उडालेल्या. आणि घुमट उलटा. चार भिंतींच्या मधल्या चौकात तिनं तो वाटीसारखा ठेवला होता आणि त्यात अक्षता भरल्या होत्या.

"आई, हे काय केलंस!"

"काय केलं? लई चांगलं दिसतंय की. वाटीच वाटली मला, म्हून अक्षता ठुल्या."

मी पुढं झालो तशी ती आडवी आली. "हात लावायचा नाय. बसल्यात आता. परवा काय करायचं ते कर."

लेक माझ्या आधीच तिथं पोचली होती. तिनं घुमटाला हात घातला. आईनं तिला अलगद उचलून बाजूला केलं. ती परत गेली. आईनं परत उचललं. मी म्हटलं आता ही आकाशपाताळ एक करणार. पण ती रडली नाही. आरासीपुढं बसून राहिली आणि उलट्या घुमटाकडं एकटक बघत राहिली. दिवे लागले, जेवणं झाली, तरी तिथंच. बायकोनं झोपायला उचललं तेव्हाही तिचं तोंड तिकडंच होतं.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, आंबील, कढी. गावाकडचे पाहुणे आलेले, सवाष्णी नटून बसलेल्या, घरात पाय ठेवायला जागा नाही. आरती झाली. नैवेद्य दाखवला की महालक्ष्म्या जेवतात तोवर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, ही आईची रीत. लेकरंसुद्धा आईच्या धाकानं श्वास रोखून उभी होती. आईचे डोळे मिटलेले, हात जोडलेले.

त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, "च्च! चुकलं!"

मी आधी दाराकडं पाहिलं. आवाज इतका स्पष्ट, इतका ठसठशीत, की तो आमच्या घरातल्या कुणाचा असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मग दिसलं. लेक आरासीपुढं उभी होती आणि तिचा तळहात तिच्या कपाळावर होता. माझाच हात जसा जातो तसा, बोटं पसरून.

बायकोच्या हातातलं ताट खाली आलं. कढी साडीवर सांडली तरी ती हलली नाही. पण आईची गोष्ट निराळी. ती पांढरीफटक पडली होती. महालक्ष्म्यांच्या पानासमोर लेकराच्या तोंडून 'चुकलं' आलं म्हणजे देवीच बोलली, अशी तिची समजूत झाली. ती लेकीपुढं खाली बसली.

"काय चुकलं गं माय? पुरण? आंबील इसरले का मी? सांग, काय चुकलं?"

लेकीनं माझ्या आईच्या डोळ्यात पाहिलं. कुणी काही विचारतंय आणि आपण सांगायचं आहे, हे तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी उमटलेलं मी पाहिलं. मग तिनं हात लांब केला, एक बोट पुढं काढलं आणि घुमट दाखवला.

आईनं बोटाच्या रेषेत पाहिलं. सगळ्यांना आईचा कडक सोवळेपणा माहीत होता. आईनं महालक्ष्म्यांकडं बघून दोन्ही हात जोडले, पुटपुटली, "माफ करा बायांनो, लेकरू सांगतंय," आणि आरासीतून घुमट उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. अक्षता तिनं पदरात ओतून घेतल्या.

तिला कुठं ठाऊक घुमट कसा बसतो. तिनं तो भिंतीला टेकवून आडवा ठेवला. "असं व्हय?"

"चुकलं!"

"मंग असं?" जमिनीवर पुढ्यात ठेवला.

"चुकलं!" आता लेक हसत होती. आईनं तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि लेक इतकी खदखदून हसली की गावाकडचे पाहुणेही हसायला लागले. पानं वाढलेली, भाज्या निवत चाललेल्या, सवाष्णी ताटकळलेल्या, आणि माझी आई महालक्ष्म्यांसमोर मांडी घालून घुमट इकडं तिकडं ठेवत होती आणि माझी लेक तिला चुका सांगत होती. शेवटी लेकीनं तिच्या हातातून घेतला आणि चार भिंतींवर सरळ ठेवला. खुंट्या उडालेल्या असल्यानं तो जरा तिरपा बसला. तिला तो चालला.

मी मागच्या खोलीत जाऊन रडलो. बायको साडी बदलायला आली, तिनं विचारलं, "अहो, हा शब्द हिला शिकवला कुणी?" बायको तिला दर आठवड्याला न्यायची त्या शिकवणीच्या बाई 'आई, बाबा, पाणी, भाकरी' घोकून घेत होत्या. चुकलं कुणीच शिकवलं नव्हतं. मी कपाळावर हात मारून दाखवला, च्च म्हणालो. तिच्या लक्षात आलं. संध्याकाळच्या संध्याकाळ भुश्यात बोटं फिरवत बसलेली ती पोरगी, जिला मी मुकी समजून एक शब्द बोललो नव्हतो, ती ऐकत होती. मी जे बोललो तेवढं तिनं सगळं ऐकलं होतं.

एका शब्दानं सगळं सुटलं असं नाही. बाईंकडची शिकवणी अजून चालू आहे आणि तिच्या वयाच्या इतर लेकरांच्या मानानं ती मागं आहे. पण महालक्ष्म्या हलवल्या, आई पाचोडला गेली, त्याच रविवारी मी मकबरा गॅलरीत घेऊन बसलो. उरलेल्या खुंट्या कापून टाकल्या. खाचा घासून सैल केल्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेतला तीच मी एकेक करून उडवत होतो आणि माझा जीव कासावीस होत होता, खोटं कशाला सांगू. पण आता पाकळी कुठंही अडकत होती, भिंत कुठंही वळत होती, घुमट उलटा राहत होता. लेक शेजारी भुश्यात बसली होती. या वेळी बोलायचं असं मी ठरवूनच बसलो होतो, आणि कानस हातात घेतल्यावर सवयीप्रमाणं विसरून गेलो.

एका पाकळीची चांगली बाजूच घासली जात होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"बाबा," कुणीतरी म्हणालं.

मी कामात बुडालो होतो. मान वर केली नाही.

"बाबा," ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि माझी बाही ओढली. "चुकलं."